मोठं बटण, लहान बटण

वाळूवाल्यांनी आयुष्यात कधी कुणाला वाळू विकली नाही. तरीही त्यांच्या इमारतीत कुणाचं बांधकाम निघालं, की लोक आधी त्यांच्याच दारात येऊन उभे राहायचे. "काका, सध्या ट्रकला भाव काय चाललाय?"

दोष त्यांचा स्वतःचाच. नवीन राहायला आले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी जिन्यात विचारलं होतं, "आपण काय करता?" त्यावर "प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे" असं सांगून मोकळं व्हायचं, तर यांनी हातातली पिशवी पायरीवर ठेवून सविस्तर सांगितलं. सिलिकॉन नावाची एक वस्तू असते, ती वाळूपासून काढतात, तिच्या आरशासारख्या पातळ चकत्या करतात आणि त्या चकत्यांवर आमचं काम चालतं. गृहस्थांनी त्यातला ओळखीचा तेवढा एक शब्द उचलला आणि घरोघर पोचवला. यांनी तो दुरुस्त करायचा एकदोनदा प्रयत्न केला. मग बायकोच म्हणाली, "राहू द्या हो. वाळूच्या निमित्तानं का होईना, कुणी दार तरी वाजवतं."

बायको गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. इमारतीतली बांधकामंही हळूहळू उरकली आणि दार वाजायचं थांबलं. नाव मात्र राहिलं. ते जिन्यावरून उतरून, रस्ता ओलांडून त्यांच्या संशोधन संस्थेतही पोचलं आणि तिथं शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना वाळूवालेच म्हणू लागले. विभागप्रमुख म्हणजे मॅडम. त्या "अहो वाळूवाले" म्हणायच्या. 'अहो' तेवढं त्यांनी आपल्या पदरचं घातलं होतं.

प्रयोगशाळा तळघरात होती. एका बाजूला वाळूवाल्यांचं टेबल, धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटासमोर. या कपाटात ते चकत्यांना भोकं पाडत. भोकं म्हणजे सुईनं पाडतात तशी नव्हेत. ज्या ॲसिडनं काचसुद्धा विरघळते, त्या ॲसिडमध्ये चकती ठेवायची आणि वीज सोडायची, की ॲसिड तिला आतून पोखरत जातं. थोड्या वेळानं आरशासारख्या चकतीचा वरचा थर स्पंज होऊन बसतो, फक्त या स्पंजची छिद्रं कुठल्याही साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. भांडी सगळी प्लॅस्टिकची. हातात दोन दोन जोड हातमोजे. शेजारी मलमाची ट्यूब, कारण हे ॲसिड कातडीवर सांडलं तर आधी काहीच जाणवत नाही, आणि जाणवतं तेव्हा ते हाडापर्यंत पोचलेलं असतं. वाळूवाल्यांच्या अंगावर मात्र एवढ्या वर्षांत एक थेंब उडाला नव्हता. त्यांची ताई म्हणायची, "तुझ्या अंगावर काहीच उडत नाही रे. शाळेत शाईसुद्धा उडाली नाही कधी."

हा पोखरलेला सिलिकॉन जांभळ्या प्रकाशात धरला, की नारिंगी उजळतो. निखाऱ्यावर राख धरल्यावर दिसतो तसा उजेड. संस्थेत पाहुणे आले, की त्यांना हेच दाखवलं जाई आणि पाहुणे "वा" म्हणून वर जेवायला जात. पण मॅडमना त्या उजेडात फारसा रस नव्हता. त्यांना रस होता तो उजेड कमी होण्यात.

हवेतला ऑक्सिजन तसा सुस्त गडी असतो. चोवीस तास आपल्या नाकातोंडातून ये-जा करतो, पण उगीच कुणाच्या वाटेला जात नाही. मात्र प्रकाश पडलेला हा स्पंज आपली उसनी ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनच्या हवाली करतो, आणि ऑक्सिजन एकदम चेततो. मग तो समोर येईल त्याला भिडतो. दुखऱ्या पेशीजवळ असला तर पेशी मारतो, रसायनात असला तर रसायन पालटून टाकतो. म्हणून मॅडमच्या वस्तूचे वाटेकरी दोन होते. एक इस्पितळातले त्वचेचे डॉक्टर, जे काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर चकतीवरून खरवडलेली पूड टाकून वर दिवा धरत, आणि दुसरा एक औषधांचा कारखाना, ज्याला औषध बनवण्यातली एक अवघड पायरी नुसत्या हवेनं आणि उजेडानं ओलांडता आली तर हवी होती. चेतलेला ऑक्सिजन पाण्यात सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरता टिकतो, एका पेशीची रुंदीसुद्धा त्याला धड ओलांडता येत नाही. यातच त्याची सोय होती. तो शेजारच्या चांगल्या पेशीला जाऊन त्रास देत नाही. इतक्या अल्पायुषी गोष्टीवर दोन माणसांनी उभं आयुष्य काढावं, हे वाळूवाल्यांना कधीमधी गमतीचं वाटे.

तर, स्पंजनं ऊर्जा देऊन टाकली की त्याचा स्वतःचा उजेड मंदावतो. मंदावला म्हणजे माल चांगला. चकती हवेत पडून जुनी झाली, तिच्यावर गंजासारखा थर चढला, की ती छान उजळत राहते, पण ऑक्सिजनला काही देत नाही. दिसायला देखणी, कामाला शून्य. अशी चकती इस्पितळात गेली तर डॉक्टरांचे आठ-आठ दिवस फुकट जात. म्हणून प्रत्येक चकती बाहेर पाठवण्याआधी पारखावी लागे, आणि ही पारख मॅडम डोळ्यांनी करत.

तळघराच्या दुसऱ्या टोकाला एक काळी खोली होती. भिंती काळ्या, छत काळं, दाराच्या फटीला काळा रबर. मधोमध पोलादाची एक डबी, तिला काचेची खिडकी. डबीत चकती ठेवायची, पंपानं आतली हवा काढून घ्यायची, जांभळा दिवा सोडायचा. नारिंगी ठिपका दिसला, की सिलिंडरमधून ऑक्सिजन दाबानं आत सोडायचा आणि ठिपका मंदावतो का ते बघायचं. पण मंदावणं म्हणजे काही दिवा विझत नाही. फरक एवढासा असतो, की बाहेरून आलेल्या डोळ्यांना तो दिसणारच नाही. म्हणून आधी अर्धा तास मिट्ट काळोखात बसून राहायचं. डोळे अंधाराला सरावले, की मग काम पाच मिनिटांचं.

मॅडमचा नियम असा, की बघणारे दोघं हवेत. एकाचा डोळा फसू शकतो. दोघांनी एकमेकांना न विचारता आपापलं मत द्यायचं. मतं जुळली तर चकती पास किंवा नापास. नाही जुळली, तर पुन्हा अर्धा तास काळोखात बसायचं आणि पुन्हा बघायचं.

अडचण अशी होती, की काळोखात मत द्यायचं कसं. लिहिता येत नाही. बोललं तर दुसऱ्याला ऐकू जातं. या प्रश्नावर संस्थेतल्या भल्याभल्यांनी डोकं चालवलं आणि काही बटणांचं, दिव्यांचं, तारांचं यंत्र करायचं ठरवलं. तेव्हा वाळूवाल्यांची बायको होती. ती घरी शिवणकाम करायची. जेवताना नवऱ्याची ही कर्मकथा ऐकून ती म्हणाली, "एवढं काय त्यात? कोटाचं मोठं बटण म्हणजे हो, सदऱ्याचं लहान बटण म्हणजे नाही. ज्यानं त्यानं आपापल्या डबीत टाकायचं. हाताला कळतंच की."

दुसऱ्या दिवशी ती पद्धत सुरू झाली आणि तीच राहिली. सुरुवातीला डब्या पत्र्याच्या होत्या, आणि मोठं बटण 'टण्ण' तर लहान 'टिक' वाजायचं. मॅडमच्या हे लक्षात आल्यावर त्यांनी डब्यांच्या तळाला जाड लोकरीचं कापड लावायला सांगितलं. ते कापडही वाळूवाल्यांच्या घरूनच आलं. मॅडमनी आपल्या एका शोधनिबंधाच्या शेवटी बाईंचे 'बटणांबद्दल' आभार मानले होते. संपादकांनी ते वाक्य काढून टाकलं. बायकोला हे कळल्यावर ती इतकी हसली, की दूध उतू गेलं.

ती गेली त्यानंतर वाळूवाले रजा संपायच्या आधीच कामावर आले. त्या दिवशी काळ्या खोलीत दोघं बसले. एरवी मॅडम त्या अर्ध्या तासात ॲसिडच्या साठ्याचं, पंपाच्या तेलाचं काय काय बोलायच्या. त्या दिवशी बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वाळूवाले, घरी गेल्यावर आधी कुठला दिवा लावता?"

"स्वयंपाकघरातला."

"तो लावायच्या आधीचं एक मिनिट वाईट असतं," मॅडम म्हणाल्या. "मला माहीत आहे."

तेव्हापासून काळोखात ते बोलू लागले. वाळूवाले सांगत, की मुलगा परदेशातून फोन करतो आणि दोघं मिळून दोन्हीकडच्या हवामानाची देवाणघेवाण करतात. "तो विचारतो, तिकडं गरम आहे का? मी म्हणतो, आहे. मी विचारतो, तिकडं? तो म्हणतो, थंड. मग आम्ही दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवतो." मॅडम सांगत आईबद्दल. आई त्यांच्याजवळच होती, पण आता तिला लेक ओळखू येत नव्हती. "काल मला विचारत होती, बाळ, तू एकटीच आलीस? तुझी आई कुठंय?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, येईल इतक्यात."

कधी नुसते विनोद चालत. कधी दोघंही गप्प असत, पण काळोखातलं ते गप्प बसणं आणि घरातलं गप्प बसणं यात फरक होता. घरी वाळूवाले गप्प असत तेव्हा फ्रिज बोलायचा.

दिवा लागला, की हे सगळं मिटायचं. बटणं बघायची, शेरा द्यायचा. मॅडम म्हणायच्या, "पंपाचं तेल बदललं का?" वाळूवाले म्हणायचे, "बदललं." जिन्यात, कँटीनमध्ये, बसथांब्यावर भेटले तर मान हलवायचे, बस्स. एकदा वाळूवाल्यांनी कँटीनमध्ये धीर करून आईंची तब्येत विचारली, तर मॅडमनी अनोळखी माणसाला द्यावं तसं "बरी आहे" असं उत्तर दिलं आणि दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. उजेडात त्यांची ओळख तेवढीच होती. दोन माणसं वर्षानुवर्षं दार लावून काळोखात बसतात म्हटल्यावर संस्थेत कुजबुज व्हायला हवी होती. झालीही असेल. पण बाहेर येऊन जे लोक बटणं मोजतात त्यांच्याविषयी अफवा चालवणार किती दिवस?

आणि मग यंत्र आलं.

मोठ्या लाकडी खोक्यातून आलं, बरोबर एक मशीनवाला आला. बोलका, सदा हसतमुख, मालावर मनापासून प्रेम करणारा. "मॅडम, हे एकेक प्रकाशकण मोजतं. याला अर्धा तास लागत नाही, अर्धं मिनिटही नाही. चकती ठेवा, दार लावा, बाहेर या. आकडा तुमच्या वरच्या टेबलावर दिसेल. खाली यायलाच नको!"

"खाली यायलाच नको," मॅडम म्हणाल्या.

"पायऱ्या वाचल्या!" मशीनवाला म्हणाला.

वाळूवाले हातमोजे धूत होते. ते धुतच राहिले.

मॅडमनी मात्र लगेच होकार दिला नाही. त्यांचा जुना नियम होता, नवीन कुठलंही यंत्र जुन्या पद्धतीच्या बरोबरीनं काही दिवस चालवायचं. महिनाभर प्रत्येक चकती डोळेही बघतील आणि यंत्रही बघेल. यंत्राला न दिसणारं काही डोळ्यांना दिसत असेल, तर काळी खोली राहील. नसेल, तर डोळ्यांचा उपयोग संपला.

वाळूवाल्यांना पहिल्यांदा बरं वाटलं. यंत्रं चुकतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. पण हे चुकेना. त्याहून वाईट म्हणजे तेही चुकेनात. यंत्र म्हणायचं मंदावला, आणि दोन्ही डब्यांत मोठी बटणं. यंत्र म्हणायचं नाही, आणि दोन्ही डब्यांत लहान. मशीनवाला दर वेळी टाळी वाजवायचा. "कमाल आहे काका! तुमचे डोळे म्हणजे मशीनच की हो!" यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. वाळूवाले जितकं बरोबर बघत, तितका तो अर्धा तास हातातून निसटत होता.

रविवारी ताईचा फोन आला. ती लांब, दुसऱ्या गावी असे. गुडघ्यांमुळे तिचं येणं-जाणं बंद झालं होतं, जीभ मात्र सुखरूप होती.

"मग एकदा चूक की," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"मला चुकता येत नाही गं."

"बघा! सगळ्या जगाला न शिकवता येतं ते आमच्या बाळाला येत नाही."

"चकती इस्पितळात जाते, ताई. खेळ आहे का?"

"अरे, चांगल्याला वाईट म्हण. वाईटाला चांगलं म्हणू नकोस. दोघांची मतं जुळली नाहीत तर परत बघायचं, असंच आहे ना तुमचं? मग परत बघाल. परत बसाल. कुणाचं काय जातंय?"

वाळूवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ताई म्हणाली, "जेवलास का?" आणि त्यांनी जेवलो म्हणून सांगितलं. हे खोटं मात्र त्यांना जमत असे.

ताईचं म्हणणं त्यांच्या डोक्यातून जाईना. हिशेब चोख होता. मॅडम खरं तेच बटण टाकणार, त्यात शंकाच नव्हती. ज्या बाईनं आवाज फुटतो म्हणून डबीत लोकर लावली, ती खोटं बटण टाकायची नाही. तेव्हा चांगल्या चकतीला आपण लहान टाकलं, तर मतं फुटतील. पुन्हा अर्धा तास. दोन माणसांचे डोळे एकमेकांशी जुळत नाहीत म्हटल्यावर तुलनाही लांबणीवर पडेल, आणखी महिनाभर तरी. खोटं काही बाहेर जाणार नव्हतं. एक चांगली चकती जरा उशिरा पास झाली असती, एवढंच.

महिन्याची शेवटची चकती त्यांनी स्वतःच बनवली, नेहमीपेक्षाही काळजीनं. खोटं बोलायचंच तर निदान चांगल्या मालाविषयी बोलावं.

त्या दिवशी काळ्या खोलीत दोघंही जरा कमीच बोलले. शेवटचं आहे हे दोघांना ठाऊक होतं आणि ते बोलून दाखवायची रीत नव्हती. मॅडमनी विचारलं, "तुम्ही संध्याकाळी काय करता, वाळूवाले?"

"खिडकीत बसतो. समोरच्या इमारतीतली माणसं टीव्ही बघतात, ती बघतो."

"आवाज येतो का?"

"नाही. पण मालिका कळते. कळण्यासारखं असतं काय तिच्यात?"

मॅडम हसल्या. मग पुष्कळ वेळानं म्हणाल्या, "तुमच्या बायकोची बटणं फार कामाला आली हो." वाळूवाल्यांनी हातातल्या दोन बटणांवरून अंगठा फिरवला. मोठ्याला चार भोकं होती, लहानाला दोन.

जांभळा दिवा लागला. नारिंगी ठिपका उमटला, भरदार. मॅडमनी झडप फिरवली, ऑक्सिजन आत गेल्याचा 'स्स' आवाज आला आणि ठिपका मंदावला. इतका स्वच्छ मंदावला, की आंधळ्यालाही दिसावा. एवढा सुंदर माल त्यांच्या हातून कित्येक दिवसांत झाला नव्हता.

वाळूवाल्यांनी लहान बटण टाकलं. लोकरीनं ते गपकन गिळलं. शेजारच्या डबीतही काहीतरी पडलं. काय, ते कळायची सोय नव्हती, ती सोय मॅडमनीच काढून टाकली होती.

दिवा लागला. मॅडमनी दोन्ही डब्या पुढं ओढल्या.

वाळूवाल्यांच्या डबीत लहान बटण होतं. मॅडमच्या डबीतही लहान बटण होतं.

कुणीच मान वर केली नाही. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि मशीनवाला कागद नाचवत आत आला. "साफ मंदावलाय! महिन्यातला सगळ्यात मोठा फरक! तुमचं काय?" त्यानं डब्यांत डोकावून बघितलं. त्याचा चेहरा क्षणभर गोंधळला आणि मग एकदम उजळला. "दोघांनाही दिसलं नाही? मॅडम, म्हणजे डोळ्यांना जे दिसत नाही ते याला दिसतं! मी म्हणत नव्हतो?"

एकाच डबीत लहान बटण असतं तर डोळ्यांचं आपसांत जुळत नाही म्हणून तुलना लांबली असती. दोन्हीत मोठं असतं, तर निदान बरोबरी राहिली असती. दोन्हीत लहान म्हटल्यावर यंत्र जिंकलं होतं.

"आजचं आमचं धरू नका," मॅडम म्हणाल्या. "आम्ही नीट बघितलं नाही."

"असं कसं, मॅडम? दोघांनीही?"

"दोघांनीही. चकती चांगली आहे, इस्पितळात पाठवा. तुमचा आकडा बरोबर आहे." त्यांनी डब्या जवळ ओढल्या. "आणि उद्यापासून तुमचंच धरायचं. जे डोळे नीट बघत नाहीत ते साक्षीला घेऊ नयेत."

मशीनवाला पेढे मिळाल्यासारखा वर गेला. काळ्या खोलीत पिवळा दिवा जळत होता. त्या उजेडात मॅडमच्या कपाळावरच्या आठ्या, चष्म्याची सैल झालेली काडी, सगळं दिसत होतं आणि वाळूवाल्यांना कुठं बघावं ते कळत नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही मोठं टाकाल," मॅडम म्हणाल्या.

"मलाही तुमच्याबद्दल तेच वाटलं."

"तुम्ही कधी चुकत नाही."

"तुम्ही कधी खोटं बोलत नाही."

मॅडमनी दोन्ही बटणं उचलली, एका तळहातावर ठेवली आणि ती वाळूवाल्यांच्या पुढं धरली. "घ्या. तुमच्या घरची आहेत." मोठी दोन्ही बटणं अजून ज्याच्या त्याच्या मुठीत होती. वाळूवाल्यांनी आपलं खिशात टाकलं. मॅडमनी आपलं परत दिलं नाही, आणि यांनी मागितलं नाही. मग मॅडम म्हणाल्या, "पंपाचं तेल बदललं का?"

"बदललं," वाळूवाले म्हणाले.

पुढचे दिवस यंत्राचे होते. वाळूवाले सकाळी चकती पोखरत, काळ्या खोलीत डबीत ठेवत, दार लावत, दारावरचा लाल दिवा लागला की बाहेरच्या बाकावर बसून राहत. अर्ध्या मिनिटात दिवा विझे. आकडा वर जाई. वरून एका ओळीचा निरोप खाली येई, पास किंवा नापास. काम तिप्पट वेगानं होऊ लागलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी कळवलं, की बशीतल्या पेशी आता ठरल्याप्रमाणे मरताहेत, अभिनंदन. कारखान्याचाही समाधानाचा निरोप आला. कुणाचंही नुकसान झालं नव्हतं, तेव्हा तक्रार करायची तरी कुणाविरुद्ध?

मॅडम खाली येईनाशा झाल्या. येण्याचं काही कारणच नव्हतं. कधी जिन्यात दिसत, मान हलवत. वाळूवाल्यांना वाटे, वर जाऊन विचारावं, आई कशा आहेत. पण वर मोठ्या खिडक्या होत्या आणि भरपूर उजेड होता. घरी आल्यावर ते स्वयंपाकघरातला दिवा लावत. त्याआधीचं एक मिनिट आता जरा लांबलं होतं. कधी ते दिवा न लावताच खुर्चीत बसत, डोळे सरावेपर्यंत. मग ओट्याची कड दिसू लागे, पातेल्याचं झाकण दिसू लागे. शेजारी कुणी नसे, म्हणून उठून दिवा लावत.

मुलाचा फोन आला. तिकडं थंडी वाढली होती.

एके दिवशी दुपारच्या आधी वाळूवाले बाकावर बसले होते. बाक भिंतीला लावलेला, वर पांढरी ट्यूब, समोर पुसून ओली झालेली फरशी. जिन्यावर पावलं वाजली. मॅडम खाली आल्या, इकडंतिकडं बघत. हातात कागद नाही, पेन नाही.

"अहो वाळूवाले, पंपाचं तेल..."

"बदललं, मॅडम."

"हां." त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. दारावरचा लाल दिवा विझला. आकडा वर गेला, तिथं तो बघायला कुणी नव्हतं. ट्यूब गुणगुणत होती. वाळूवाल्यांनी नखं बघितली. मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला. बोलायचं दोघांच्याही ओठांवर येत होतं आणि उजेडात तिथंच अडत होतं.

शेवटी मॅडमनी चष्मा पुन्हा काढला आणि मांडीवर ठेवला. "डोळे मिटा बरं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मिटा हो."

वाळूवाल्यांनी मिटले. पापण्यांच्या आत काळोख नव्हता, ट्यूबचा लालसर उजेड झिरपत होता. पण चालण्यासारखं होतं.

"मिटले," ते म्हणाले. "तुम्ही?"

"मीपण."

झाडूवाली मावशी बादली घेऊन परत आली. भर दिवसा दोन मोठी माणसं भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली बघून ती जरा थबकली. संस्थेत तिनं बरंच काही बघितलं होतं. "पाय वर घ्या," ती म्हणाली.

दोघांनीही डोळे न उघडता पाय वर घेतले. ओला फडका बाकाखालून फिरून गेला, बादली सरकली, मावशी पुढच्या दाराकडं गेली.

"आईला परवा मी भरवत होते," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली, काळ्या खोलीतल्यासारखा झाला होता. "तर माझा हात धरून म्हणाली, बाई, तू फार दमलेली दिसतेस. घरी तुझी कुणी वाट बघत असेल. जा आता."

घाई करायची इथं पद्धत नव्हती.

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, जाते थोड्या वेळानं."

"अजून वेळ आहे," वाळूवाले म्हणाले, आणि पाय अजून वरच आहेत हे लक्षात येऊन त्यांनी ते हळूच ओल्या फरशीवर टेकवले.